घरातली चप्पल

सगुणाची टाच दुखते हे मला तिच्या तोंडून कळलं नाही, भिंतीवरून कळलं. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत छातीच्या उंचीवर हाताच्या पंजाचे काळपट ठसे उमटले होते, एकापुढे एक. रंग लावून दोन वर्षंही झाली नव्हती. मी चिडून सुनेला विचारलं, हे कोणी केलं?

अमिषा म्हणाली, "पप्पा, मम्मी सकाळी उठल्यावर भिंत धरून चालतात. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं मी उरणच्या बंदरातून कंटेनर ओढणारा ट्रेलर चालवला. बावीस चाकांपैकी कुठलं कुरकुरतंय हे मला केबिनमध्ये बसून कळायचं. बायको कुठल्या पायाने लंगडते ते मात्र मला सुनेला विचारावं लागलं. उजव्या, ती म्हणाली. आठ महिन्यांपासून.

माझ्या स्वभावात हळहळणं नाही. बिघाड झाला तर तो काढायचा, एवढंच मला समजतं. त्यामुळे त्या दिवसापासून मी सगुणाच्या टाचेच्या मागे लागलो, आणि माझ्याबरोबर सगळं गाव लागलं. टाच हा असा अवयव आहे की त्यावर प्रत्येकाकडे एक औषध असतं. कोणी सांगितलं, वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच दाबायची. सगुणाने पंधरा दिवस दाबली. टाच भाजली, दुखणं होतं तिथेच राहिलं. मग मोहरीचं तेल झालं, गरम पाणी आणि मीठ झालं. पेणच्या एका डॉक्टरने फोटो काढला, हाड वाढलंय म्हणाला आणि टाचेत इंजेक्शन दिलं. ते देताना सगुणाने माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटला. दीड महिना बरं वाटलं. नंतर पुन्हा भिंतीवर ठसे.

आता सगुणाची टाच ही नुसती आमच्या घरातली भानगड का नव्हती, ते सांगायला हवं. सगुणा आमच्या गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि गाण्यातूनच सगळे विधी पार पाडते. माझी आई धवलारीण होती, तिच्याकडून सगुणा शिकली. कुठे लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ. हळदीच्या सकाळी मांडवाच्या मेढीपाशी उभं राहून ती देवांना बोलावते. गावदेवीपासून सुरुवात होते, मग समुद्र, खाडी, विहीर, चूल, उंबरठा, आणि घरातली गेलेली माणसं, नावानिशी. पाऊण तास लागतो. आमच्या गावची रीत अशी की हे गाणं उभ्याने आणि अनवाणी गायचं आणि मध्ये तोडायचं नाही. तोडलं तर एखादा देव मांडवाच्या बाहेर राहिला, असं धरतात.

माझी थोरली बहीण मनुबाय चार घरं सोडून राहते. तिच्या नातीचं, पूनमचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. पूनमचा बाप म्हणजे माझा भाचा कुलदीप. माघात तो आमच्या ओटीवर बसून चहा पिता पिता म्हणाला, "मामी, तुमचा पाय न्हाय जमला तरी टेन्शन न्हाय. मोबाईलवर आख्खे धवले हायेत. मोठा स्पीकर सांगून ठेवलाय."

त्याने हे चांगल्या मनानेच सांगितलं. सगुणाने कप उचलले आणि आत गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "या लग्नान तो स्पीकर एकदा वाजला ना, की माझं संपलं. मंग मना कोन बोलवील? पाय दुकते तर दुकूंदे. मी उभी राहनार."

चौतीस वर्षांत तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हाही ती मागत नव्हती, नुसतं सांगत होती. तरी मला ते टोचलं. दुसऱ्याच दिवशी अमिषाने उरणातल्या हेमांगी मॅडमची वेळ घेतली. या फिजिओथेरपीवाल्या. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पायाच्या दुखण्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर काढण्यामागे काय डोकं होतं, हे मला अजून समजलेलं नाही.

मॅडमनी सगुणाच्या टाचेखाली आतल्या बाजूला अंगठा दाबला. सगुणाने "आये!" म्हणून पाय ओढला.

"हाड वाढलंय त्याचं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "असं हाड पुष्कळांना असतं, त्यांना पत्ताही नसतो. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. तो ताणून ताणून दुखावलाय. रात्री आखडतो आणि सकाळी पहिलं पाऊल टाकलं की पुन्हा ओढला जातो. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट जातं ना?"

"जीव जाते," सगुणा म्हणाली.

"घरात जमीन कसली आहे?"

"टाइल्स," मी सांगितलं. "दोन बाय दोनच्या. एक नंबर माल."

"कधी बसवल्या?"

मी सांगितलं आणि सांगता सांगताच मला हिशेब लागला. टाइल्स बसवून दोन वर्षं झाली होती. त्याआधी आमचं जुनं घर होतं, मातीच्या जमिनीचं. ती जमीन सगुणाच चोपायची आणि सारवायची. नवं घर बांधलं ते माझ्या हौसेने. जमिनीत तोंड दिसलं पाहिजे असं मी कंत्राटदाराला बजावलं होतं. आता दिसतं. सगुणा सकाळी साडेपाच ते रात्री दहा त्या तोंड दिसणाऱ्या जमिनीवर अनवाणी उभी असते, आणि मी ओटीवर खुर्चीत.

मॅडमनी व्यायाम दाखवले. उठण्याआधी पलंगावरच पायाच्या चवड्याला टॉवेल अडकवून स्वतःकडे ओढायचा, तीस आकडे मोजायचे. दिवसातून तीनदा भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवायची आणि संध्याकाळी तळव्याखाली फिरवायची. आणि शेवटी म्हणाल्या, "यातलं एखादं राहिलं तरी चालेल, पण घरात चप्पल घाला. मऊ, जाड तळव्याची. उघडा पाय लादीवर टाकायचाच नाही. तीन महिने नेमाने केलंत तर लग्नात उभ्या राहाल."

बाजारातून निळी चप्पल घेतली, जाड तळव्याची, टाचेला खोलगट. घरी आल्यावर सगुणाने ती जमिनीवर ठेवली, पाय घातले आणि दोन पावलं चालली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. उन्हातून आलेल्या माणसाला घोटभर पाणी मिळावं तसं.

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "घरान चपला बऱ्या न्हाय दिसत गो. समोर देव्हारा हाय." तिने लगेच पाय काढले. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं. मॅडमचा धाक होताच. मी म्हणालो, "घाल, घाल. पन कोनी आयलं का काढत जा. मनुबाय बघील तर गावभर करील."

एवढंच बोललो. बोललो आणि विसरलो.

महिना गेला. टॉवेल ओढला जात होता, बाटली फिरत होती, पोटरी ताणली जात होती. सगुणा या बाबतीत चोख आहे, सांगितलं की केलंच. टाच मात्र हट्टाला पेटली होती. आम्ही पुन्हा दोन जिने चढलो. मॅडमनी विचारलं, "चप्पल घालता ना घरात?" सगुणा म्हणाली, "घालते." ती खोटं बोलत नव्हती. मॅडम विचारात पडल्या. म्हणाल्या, अजून थोडे दिवस बघू.

एका शनिवारी मला ताप होता म्हणून मी आतल्या खोलीत पडून होतो. दार उघडं, समोर सगळं घर. ओटीवर बसणाऱ्या माणसाला घराचं तोंड रस्त्याकडे दिसतं. त्या दिवशी मला त्याची पाठ दिसली.

सगुणा उठली, चप्पल घातली. स्वयंपाकघराच्या दारात काढली, कारण तिथे अन्न. अनवाणी भाकऱ्या भाजल्या, तासभर उभ्याने. बाहेर आली, घातली. देव्हाऱ्यापाशी काढली, कारण तिथे देव. घातली. तेवढ्यात गेटची कडी वाजली, म्हणून काढली आणि पायाने कोचाखाली सरकवली. शेजारीण कढीपत्ता मागायला आली होती. ती अर्धा तास बोलली आणि सगुणा अर्धा तास लादीवर उभी. शेजारीण गेली, चप्पल कोचाखालून ओढली. पुन्हा कडी. मनुबाय. आमच्या गावात दिवसभर कोणी ना कोणी येतंच असतं, मनुबाय तर दोनदा. दुपारपर्यंत मी बघत होतो. चप्पल पायात होती ती या दारापासून त्या दारापर्यंत, आणि एकदा न्हाणीघरापर्यंत. म्हणजे सगळी मिळून पंधराएक मिनिटं.

मी तापातच ओरडलो, "अगो, तुला घालाया सांगितलेली ना?"

ती दारात येऊन उभी राहिली. "तुमीच बोल्ले ना, कोनी आयलं का काढ."

अमिषाने लॅपटॉपवरून डोकं वर केलं. माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी माझाच राग आला. आपला राग आला की माणूस दुसऱ्यावर ओरडतो, म्हणून मी अमिषाला म्हणालो, "पंखा कमी कर जरा."

त्या दिवसापासून चप्पल स्वयंपाकघरात जायला लागली. देव्हाऱ्याखाली मी जाड सतरंजी घातली. सगुणाला पहिले काही दिवस जड गेलं, ओट्यापाशी उभी राहिली की ती खाली बघायची, काही सांडलंय का बघितल्यासारखी. पण फरक पडू लागला. फाल्गुनाच्या शेवटी ती भिंतीला हात न लावता न्हाणीघरापर्यंत गेली. पाहुण्यांचं मात्र होतं तसंच राहिलं. कडी वाजली की चप्पल कोचाखाली. मला दिसत होतं. मी बोललो नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटत होतं. घरात बायको काय घालते ते घरात. मनुबायच्या तोंडाला मी साठाव्या वर्षीही भितो.

लग्नाच्या आठ दिवस आधी मॅडम म्हणाल्या, "पुष्कळ सुधारलंय, पण पूर्ण नाही. उघड्या पायाने कडक जमिनीवर फार वेळ उभं राहू नका." सगुणाने मान हलवली. जिना उतरताना मी म्हणालो, "मांडवान चप्पल घाल मंग." ती जिन्यातच थांबली. "येड लागलंय का तुमाला? देवांना बोलवाचं ते चपला घालून?" मी विषय सोडला. तिचं म्हणणं मला पटलंही होतं.

हळदीच्या सकाळी मनुबायच्या अंगणात मांडव पडला होता. हे अंगण पूर्वी मातीचं होतं. कुलदीपने तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत, ट्रकसुद्धा उभा राहतो. मेढीपाशी पाट मांडला होता, पूनम पिवळ्या साडीत बसली होती, भोवती बाया. एका खुर्चीवर तो मोठा स्पीकर ठेवला होता, निळा दिवा लागलेला. सगुणा गेटपाशी चपला काढून आत गेली, मेढीपाशी उभी राहिली आणि तिने गावदेवीला हाक घातली.

सगुणाचा आवाज गोड नाही. जाड आहे, खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी असा. पण तो लागला की बाया बोलायच्या थांबतात. गावदेवी आली, समुद्र आला, खाडी आली. मी पुरुषांत मागे उभा होतो आणि तिच्या पायांकडे बघत होतो. वीसेक मिनिटांनी तिने भार डाव्या पायावर घेतला. मग उजवी टाच उचलून चवड्यावर उभी राहिली. मग मेढीला हात लावला. विहिरीपाशी तिचा आवाज हलला. फार नाही. परक्याला कळलंही नसतं. मनुबायला कळलं, तिने मान वर केली. कुलदीपलाही कळलं. तो हळूच खुर्चीकडे सरकला आणि त्याने खिशातून मोबाईल काढला.

अजून चूल यायची होती, उंबरठा यायचा होता, सगळी गेलेली माणसं यायची होती. त्यांत माझी आई होती.

मी मांडवाबाहेर पडलो. घर चार घरांवर आहे, मी ते धावत गाठलं. साठाव्या वर्षी लग्नाच्या कपड्यांत धावणारा माणूस कसा दिसतो याची मला कल्पना आहे. कोचाजवळून निळी चप्पल घेतली, परत आलो आणि मनुबायच्या अंगणातल्या नळाखाली धरली. वरून धुतली, खालून धुतली, खांद्यावरच्या नव्या उपरण्याने कोरडी केली. मग दोन्ही हातांत घेऊन बायांच्या मधून मेढीकडे निघालो. बाया बाजूला होत गेल्या. कोणीतरी हसलं.

"दिना," मनुबाय म्हणाली, "मांडवान काय आनलंस?"

"चप्पल," मी म्हणालो. "बायकोची."

मी सगुणाच्या पायांशी उकिडवा बसलो. तिने खाली पाहिलं नाही. ती चुलीला बोलावत होती, आणि गाणं तोडायचं नसतं, त्यामुळे तिला मला नाही म्हणता येईना. मी तिचा उजवा घोटा धरला. चौतीस वर्षांच्या संसारात तिने सणावाराला माझ्या पायांना किती वेळा हात लावला असेल, मोजदाद नाही. मी तिच्या पायाला हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा. पाय थरथरत होता. वासराचा थरथरतो तसा, सारखा, बारीक. बघून हे कळलं नसतं, हातातच कळलं. मला लाज वाटली. चारचौघांत चप्पल धरून बसल्याची नाही, एवढा थरथरणारा पाय मी दोन वर्षं घरात उभा ठेवला त्याची.

मी घोटा किंचित उचलला. तिने उचलू दिला. उजवा पाय चपलेत गेला, मग डावा.

आवाज लगेच मोकळा झाला असं मी सांगणार नाही. दोन ओळी तशाच हलत्या गेल्या. मग उंबरठा आला तेव्हा तिने मेढीवरचा हात काढला. पुढे गेलेल्या माणसांची नावं सुरू झाली. माझ्या आईचं नाव तिने घेतलं तेव्हा मी अजून खालीच बसलो होतो, कारण उठताना माझेच गुडघे बोलत होते. कुलदीपने मोबाईल खिशात ठेवला. स्पीकरचा निळा दिवा लग्नाच्या वरातीपर्यंत तसाच लागलेला होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मनुबाय त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. लग्न लागलं, पूनम सासरी गेली, मांडव उतरला. गावात दोन दिवस माझी टिंगल झाली. चहाच्या टपरीवर एकाने मला चपलांच्या दुकानाचा पत्ता विचारला. मी त्याला उरणातलं दुकान सांगितलं, नंबरासकट.

चौथ्या दिवशी सकाळी मी ओटीवर न बसता आत बसलो होतो. सगुणा झाडू मारत होती, चप्पल पायात. गेटची कडी वाजली आणि मनुबायची हाक आली, "हायेस का गो घरान?"

सगुणाने सवयीने उजवा पाय चपलेतून काढला. मग माझ्याकडे पाहिलं. तिने पाय परत चपलेत घातला आणि दार उघडायला गेली.